मोठ्या बहिणीची बाजू

सुवर्णा बिरादार मॅडम कवितेशी भांडायच्या. कवितेवरून नव्हे, थेट कवितेशीच. हुलसूरच्या कॉलेजात मी इतिहासाची गेस्ट लेक्चरर म्हणून लागले तेव्हा स्टाफरूममध्ये मला त्यांच्या समोरची जागा मिळाली. जागा समोरची, पण त्यांची खुर्ची बहुतेक वेळ रिकामीच असायची. बाई हातात झेरॉक्सचे कागद घेऊन कपाटापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून कपाटापर्यंत फेऱ्या घालत आणि मध्येच थांबून दम भरत, "खोटं बोलू नगंस!"

पहिल्या दिवशी मला वाटलं, हे मलाच. मी घाबरून म्हटलं, "मी काय बोलले मॅडम?"

"तुला न्हाई गं. हिला बोलायले," असं म्हणून त्यांनी कागद माझ्या नाकापुढं नाचवला. कागदावर राणी व्हिक्टोरियाच्या काळातली एक लांबलचक इंग्रजी कविता होती. एवढ्या जुन्या, एवढ्या लांबच्या कवितेशी कुणी इतक्या पोटतिडकीनं भांडतं हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

व्हिक्टोरियन कवितेतली मोहाची, पापाची आणि भगिनीप्रेमाची प्रतीकं, हा त्यांच्या पीएच.डी.चा विषय. आमचे कन्नडचे सर म्हणायचे की नुसतं नाव वाचून होईपर्यंत माणूस रिटायर होईल. फळ, साप, लिली, आरसा, बंद बाग अशी सगळी प्रकरणं लिहून झाली होती. शेवटचं प्रकरण तेवढं अडलं होतं, बहिणींचं. कलबुर्गीचे गाइड फोन करकरून थकले होते. मॅडम फोनवर "व्हय सर, आणते सर" म्हणत आणि फोन ठेवला की पुन्हा फेऱ्या सुरू करत.

अडलं होतं ते या एका कवितेपाशी. तशी ती काही थोर कविता नव्हती, हे मॅडमच सांगायच्या. कुठल्याशा जुन्या मासिकात निनावी छापलेली. एका खेड्यात दोन बहिणी असतात. धाकटी एका फिरस्त्याच्या मागं निघून जाते आणि हिवाळ्यात परत येते ती केस कापलेली. त्या गावात कापलेले केस म्हणजे पापाची खूण. चर्चमध्ये तिच्या शेजारी कुणी बसेना. तेव्हा मोठी आपले गुडघ्यापर्यंतचे केस कापते आणि हसतमुखानं धाकटीशेजारी जाऊन उभी राहते. दोघी बर्फातून घरी जायला निघतात आणि मागून बघणाऱ्या गावाला कळेनासं होतं की यातली पापी कोणती.

मला आपली आवडली. मी तसं म्हटलंही.

"तुला आवडणारच," मॅडम म्हणाल्या. "धाकटी हाईस ना घरात?"

मी होते. यांना कसं कळलं कोण जाणे.

"हे 'हसतमुखानं' कशाला लिहिलंय? गुडघ्यापर्यंतचे केस हैत. कात्री चालवायली अन् तोंडावर हसू? तिला राग कामून येत न्हाई? एकदा तरी म्हणावं की न्हाई तिनं, की मेले, तुझ्यापायी हे करायले?" त्या खिडकीशी जाऊन थांबल्या. "बाई असंल तर खोटी हाय. अन् प्रतीक असंल तर मला समजंना झालंय."

वर्गात मात्र त्यांच्या तासाला पोरं जीव टाकायची. प्रतीक म्हणजे काय हे शिकवायला त्या एकदा पिशवीभर सीताफळं घेऊन गेल्या. मी शेजारच्या वर्गात रिकाम्या बाकांना चालुक्य शिकवत होते, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. त्या काळच्या कवितेत फळ आलं की सावध व्हायचं, फळ म्हणजे नुसतं फळ नसतं, ते बोलावतं, खाल्लं की माणूस पूर्वीचा राहत नाही, असं त्या समरसून सांगत होत्या. तेवढ्यात मुडबीकडचा एक पोरगा उठला.

"पण मॅडम, पिकलं तर खायाचंच की. न्हाईतर पाखरं खातेत. त्यात पाप कसलं?"

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. फेऱ्या थांबल्याचं मला भिंतीपलीकडून कळलं. मग त्या म्हणाल्या, "बस खाली. न्हाई, थांब. फोड ते, अन् वाट सगळ्यांला." पुढं त्या तासात व्हिक्टोरियन पापाचं काय झालं ते माहीत नाही, सीताफळाच्या बिया मात्र शिपायानं आठवडाभर झाडल्या. संध्याकाळी बसमध्ये त्या माझ्या सीटशेजारी उभ्या राहिल्या आणि बसवकल्याण येईपर्यंत एकच वाक्य दोन-तीनदा बोलल्या, "त्या पोराला उत्तर द्यायला पायजे होतं गं."

आम्ही दोघी बसवकल्याणात भाड्यानं राहायचो. जाता-येता एकच बस. तरी त्यांनी मला कधी घरी बोलावलं नव्हतं. त्या एकट्या राहतात असं मी धरून चालले होते. मग एकदा त्या दोन दिवस कॉलेजात आल्या नाहीत म्हणून मी विचारपूस करायला गेले, तर दार उघडलं ते त्यांच्याच नाकाच्या, पण निम्म्या वजनाच्या एका बाईनं. आतून मॅडम तापातही ओरडत होत्या, "मंगे, कुकरच्या शिट्ट्या मोजल्यास का? का पुन्हा लगदा?"

"माझी बहीण," त्यांनी ओळख करून दिली. "मंगल." आणि ते इतक्या मोठ्यानं, की शेजारच्या खिडकीत उभ्या असलेल्या बाईला ऐकू जावं.

त्या घरात दिवसभर भांडण चालायचं, हे मी पुढं जात-येत पाहिलं. मीठ, शिट्ट्या, ओला टॉवेल, शिलाई मशीनचा आवाज, काहीही पुरायचं. मंगल ब्लाउज शिवून आपला खर्च भागवायची आणि मॅडमना "अक्का" म्हणायची. तिची गोष्ट तिनंच मला त्या पहिल्याच दिवशी सांगितली, काज करता करता, काही चोरून न ठेवता. तिला औरादकडं दिलं होतं. नवरा वाईट नव्हता, पण त्याला बोलायलाच येत नव्हतं म्हणे. सोयाबीनच्या काढणीला बाहेरून हार्वेस्टर आलं. त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं, सगळं शिवार धुळीनं भरलेलं. ड्रायव्हर म्हणाला, वहिनी, वर येऊन बसा, केबिनमध्ये एसी आहे.

"आत गेले, अन् दार लावलं त्यानं. एकदम आवाज बंद. धूळ बंद. गाणं लागलेलं. इतकं गार होतं, ताई," मंगल म्हणाली. "मला उतरूच वाटंना."

ती उतरली नाही. हंगाम संपला तेव्हा ती त्याच्याबरोबर गेली. त्याचं तिकडं बायको-पोरांचं घर होतं हे तिला तिकडं गेल्यावर कळलं. परत आली ती सरळ अक्काच्या दारात. माहेरी, मुडबीला, अप्पांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, तोवर सांगून टाकलं होतं की मला पोरगी एकच. ते मंगलचं नाव घेत नसत आणि घरात कुणाला घेऊ देत नसत. मॅडमचा साखरपुडा झालेला होता, तोही या प्रकारात मोडला. पुढं त्यांनी लग्नाचा विषय काढू दिला नाही.

"आता सांग," मॅडम अंथरुणातून म्हणाल्या. "माझ्या प्रबंधात साप हाय, लिली हाय, बंद बाग हाय. ही बया एसी केबिन घेऊन आली. ती कुठल्या प्रकरणात बसवू?"

मंगल खुदकन हसली. मॅडमही हसल्या, पण ताप असलेलं माणूस हसतं तशा, आणि मग भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या.

त्यांचं खरं दुखणं त्यांनी मला सांगितलं ते बसस्टँडवर, हुलसूरची गाडी लागायची वाट बघताना. त्या उभ्याच होत्या, अर्थात. "सगळे म्हणतेत सुवर्णा किती चांगली, बहिणीला सांभाळायली. कवितेतल्या मोठीला पण तसंच म्हणतेत. पण तिला मोह पडला नसंल का गं? मला रोज पडतो. सकाळी उठले की वाटतं, हिला गाडीत बसवून द्यावं कुठंतरी लांब. मग मी एकटीच चांगली उरते. अप्पांची एकुलती. गावात ताठ मानेनं जाईन." बोलता बोलता त्यांनी गाडी आली का ते बघितलं, मग म्हणाल्या, "ते फळबिळ काहीच न्हाई त्याच्यापुढं."

मला त्या वेळी त्यांची फार माया आली. मी शेंगा घेतल्या आणि आम्ही खात राहिलो.

मंगलचं मागणं एकच होतं. एकदा घरी जायचं. राहायला नाही, नुसतं उंबऱ्याच्या आत. आई थकली होती. मॅडम महिन्यातून एकदा मुडबीला जात तेव्हा मंगल काही बोलत नसे, पण त्या परत आल्या की पिशवीतलं ज्वारीचं पीठ हुंगून बघायची. मॅडमना ते बघवत नसे आणि मग त्या मिठावरून भांडण काढत.

येळवस जवळ आली तसा मॅडमच्या फेऱ्यांना वेग आला. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला आमच्या भागात गावं ओस पडतात. जो तो शेतात. कडब्याची कोप, म्हणजे लहानशी झोपडी, उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, त्यांची पूजा करायची आणि मग दहा प्रकारच्या पाल्याभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातली ताकाची आंबील. त्यातला एक नियम कुणी मोडत नाही. त्या दिवशी शेताजवळून जाणारा माणूस, ओळखीचा असो की नसो, न जेवता जाऊ द्यायचा नाही. तो उपाशी गेला तर शेत उपाशी राहतं असं मानतात.

"अप्पांनी आजवर कुणाला सोडलं न्हाई," मॅडम मला बसमध्ये म्हणाल्या. त्यांनी मला येळवशीला मुडबीला चल म्हणून बोलावलं होतं आणि बेत मला गाडी सुटल्यावर सांगितला. "गावातला दारुडा गेला तरी हात धरून आणतेत. मंगी दुपारच्या गाडीनं येनार. शेतासमोर उतरनार अन् रस्त्यावर उभी राहनार. बास. एक अक्षर बोलायचं न्हाई. बघू कसं बोलावत न्हाईत."

मला तो बेत फार हुशारीचा वाटला. त्यांनाही वाटत होता. गाडीत त्या चक्क बसल्या होत्या.

अप्पा उंच, वाळलेले, गुडघ्यांनी जेरीस आलेले, डोक्याला पांढरा पटका. ते सकाळपासून बांधावर उभं राहून हाळ्या देत होते. मोटारसायकलवाले, पायी जाणारे, एक ट्रकवाला, घोंगड्या विकणारं एक जोडपं, सगळ्यांना. आलेल्यांची पंगत बाभळीखाली बसायची आणि त्यांना अप्पा स्वतः वाढायचे. घरच्यांची आणि आमंत्रितांची बसायची कोपीजवळ. मी तिथं बसले. मॅडमच्या आईनं, सगळे तिला अव्वा म्हणायचे, माझ्या पत्रावळीवर इतकी भज्जी घातली की उंडा दिसेना.

दुपारची गाडी आली, थांबली, गेली. रस्त्यावर मंगल उभी होती. हातात एक रिकामी पिशवी, डोक्यावर पदर.

अप्पांचं तोंड हाळी द्यायला उघडलेलं होतं ते तसंच राहिलं. शेजारच्या शेतातली माणसं जेवता जेवता थांबली. अव्वा हातातलं पातेलं घेऊन तिथंच खाली बसली. मॅडम माझ्याशेजारी होत्या, त्यांनी माझं मनगट धरलं होतं आणि ते दुखत होतं.

मग अप्पा बोलले. आवाज अगदी स्वच्छ.

"या बाई. जेवून जावा."

वाटसरूला बोलावतात तसं. 'या' म्हणून, 'बाई' म्हणून. आणि हात केला तो बाभळीकडं.

मॅडमच्या बेतात एवढंच राहून गेलं होतं. अप्पा कुणाला उपाशी सोडत नाहीत हे त्यांना पक्कं माहीत होतं, पण परक्याला बोलावतात ते परकं म्हणूनच, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. मंगल मान खाली घालून आली आणि ट्रकवाल्याच्या पलीकडं बसली. अप्पांनी तिला पत्रावळ मांडली, भज्जी वाढली, आंबील ओतली आणि विचारलं, "तिखट चालतंय का?" जन्म दिलेल्या पोरीला. 

मॅडम उठल्या. मला वाटलं, आता या अप्पांवर तुटून पडणार. त्या काही बोलल्या नाहीत. चपला घातल्या, कोपीला वळसा घालून ताडताड बांध ओलांडला आणि रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या. जिथं मंगल उभी होती तिथंच.

"काय करायलीस सुवर्णा?" अप्पांनी विचारलं.

मॅडमनी पाठ फिरवली.

"ये की हिकडं. लोकं बघायलेत."

त्या समोरच्या शेताकडं बघत राहिल्या, ओळख नसल्यासारख्या. अप्पा थांबले. अव्वा काहीतरी पुटपुटली, तिला त्यांनी हातानं गप्प केलं. त्या दिवशी शेताजवळून माणूस उपाशी जाऊ देणं त्यांच्यानं होणार नव्हतं, आणि ती त्यांचीच पोरगी होती, तिनंही हटायचं नाही असं ठरवलेलं. शेवटी अप्पा म्हणाले, पण या वेळी आवाज फाटला होता, "या बाई. जेवून जावा."

मॅडम आल्या आणि बाभळीखाली मंगलला खेटून बसल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता, डोळ्यांत पाणी होतं आणि दात घट्ट आवळलेले. त्या हसतमुख अजिबात नव्हत्या. "सरक," त्या मंगलला म्हणाल्या. "तुझ्यापायी हे. चार लोकांत तमाशा. खा आता, बघायलीस काय?" आणि अप्पांनी पुढं मांडलेल्या पत्रावळीतला उंडा मोडून त्यांनी तिच्या पत्रावळीत टाकला.

अप्पांनी त्यांनाही विचारलं, "तिखट चालतंय का?" मॅडम म्हणाल्या, "चालतंय, दादा."

तो परक्याला म्हणतात तसला 'दादा' अप्पांना लागला. ते वाढून झाल्यावर कोपीमागं गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

बाकीचे वाटसरू उठून गेले. या दोघी बसून राहिल्या. उन्हं कलली. बिरादारांच्या घरी त्या वेळेला आंबिलीचं मडकं घेऊन शेताभोवती फिरायची आणि लिंबाच्या डहाळीनं पिकावर शिंपत जायची रीत होती. घरात मुलगा नाही आणि अप्पांचे गुडघे गेलेले, म्हणून हे काम वर्षानुवर्षं मॅडम करत आल्या होत्या. अप्पांनी मडकं आणून ठेवलं आणि बाभळीकडं न बघता म्हणाले, "सुवर्णा, दिवस चाललाय."

"वाटसरू शेताभोवती फिरत न्हाईत," मॅडम म्हणाल्या.

अप्पांनी मग मडकं स्वतः उचललं. कमरेवर घेतलं, चार पावलं टाकली आणि गुडघा लचकला. आंबील हिंदकळली. ते थांबले, पुन्हा निघाले. आजूबाजूच्या सगळ्या शेतांतून फेऱ्या सुरू झाल्या होत्या, गलका उठला होता आणि हा म्हातारा एकटा मडकं सावरत बांधावरून चालला होता. मंगल उठायला लागली.

मॅडमनी तिचा पदर धरला. "बस. नावानं हाक मारू दे त्यांला. त्याशिवाय जायचं न्हाई."

"अक्का, पडतेत गं ते."

"पडू दे."

मंगलनं पदर सोडवला आणि धावत गेली. तिनं काही न बोलता अप्पांच्या कमरेवरचं मडकं काढून आपल्या कमरेवर घेतलं. अप्पांनी ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं, क्षणभर दोघांचेही हात त्याच्यावर होते. मग त्यांनी सोडलं. डहाळीही दिली. ती पुढं झाली, तिनं ज्वारीवर पहिला शिंतोडा टाकला, आणि मागून अप्पांचा आवाज आला, रोजचा, घरातला, जरासा चिडका.

"मंगे, बघून चाल. पुढं बांध खचलाय."

अव्वा तोंडाला पदर लावून कोपीतून निघाली आणि लटपटत त्यांच्या मागं गेली. तिघं ज्वारीच्या आडोशाला गेली. कणसांच्या वर अप्पांचा पटका तेवढा दिसत होता.

मी आनंदानं मॅडमकडं वळले. त्या बाभळीखाली उभ्या राहिल्या होत्या, एका हाताला भज्जी लागलेली. तोंड कावरंबावरं झालं होतं.

"अन् मी?" त्या ओरडल्या. "अप्पा! अन् मला?"

गलक्यात कुणाला ऐकू गेलं नाही. तो पटका पुढं पुढं सरकत राहिला.

"बघ," त्या मला म्हणाल्या. हसत होत्या आणि डोळे वाहत होते. "मला कुणी बोलावलंच न्हाई."

माझी शेवटची गाडी आली होती. कंडक्टर ओरडत होता. पुढच्या वर्षी मला हुलसूरला काम मिळालं नाही, मी कडगंचीच्या विद्यापीठात संशोधनाला गेले आणि मॅडम त्यानंतर भेटल्या त्या फोनवरच. त्यामुळे डोळ्यांपुढं आहेत त्या अशा, गाडीच्या मागच्या खिडकीतून दिसलेल्या. रस्ता आणि शेत यांच्या मधल्या बांधावर उभ्या, टाचा उंचावून ज्वारीत कुणी वळून बघतंय का ते बघत.